आलेला फोटो, व्हिडिओ, पत्रक तपासायचं कसं? (मुंबई विशेष)

गिरगावकर_७

पावसाळा तोंडावर आला. आता 'हिंदमाता पुन्हा बुडालं', 'उद्या शाळांना सुट्टी', 'समुद्रात पाच मीटरच्या लाटा' हे सगळं ओळीने सुरू होईल. त्याआधी तपासायच्या पद्धती एका जागी असाव्यात म्हणून हा धागा. राजकारण नको, त्यासाठी इथे वेगळे धागे ओसंडून वाहताहेत.

माझा मुद्दा एवढाच की 'खरं की खोटं' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं: हे कधीचं आहे, कुठलं आहे आणि पहिल्यांदा कोणी टाकलं? मुळापासून बनवलेल्या गोष्टी फिरतात, नाही असं नाही. पण खऱ्या फोटोला चुकीची तारीख आणि चुकीचं गाव चिकटवणं फुकटात होतं, त्याला काही कौशल्य लागत नाही, आणि म्हणून पावसाळ्यात तेच जास्त दिसतं. 'खोटं आहे का' म्हणून बघत बसलं तर असा फोटो आरामात पास होतो, कारण फोटो खराच असतो.

२०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्यांचा म्हणून फिरलेला व्हिडिओ आठवा. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि मुलाला उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कापला आणि उरलेलं भारतभर फिरलं. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं.

फोटो तपासायची सगळ्यात सोपी रीत:

१) फोटो गॅलरीत उतरवा. वरची लाल पट्टी, खालचा मजकूर, 'धक्कादायक' वगैरे कापून टाका, फक्त मूळ चित्र ठेवा. हे केलं नाही तर शोध त्या पट्टीच्या मागे लागतो.
२) गूगल लेन्समध्ये टाका. 'हुबेहूब जुळणारी' चित्रं दाखवणारा विभाग बघा, नुसती दिसायला सारखी चित्रं कामाची नाहीत.
३) तेच टिनआय या चित्र शोधायच्या संकेतस्थळावर टाका. तिथे सर्वात जुनं आधी असा क्रम लावता येतो. गूगलमध्ये हे सरळ होत नाही.
४) सगळ्यात जुनी तारीख सापडली की त्या पानावर जाऊन फोटोखालची ओळ वाचा. काम बहुतेक वेळा इथेच संपतं.

बाकीचं जाणकारांनी भरावं.

फोटोडेस्क

चांगला धागा. क्रमांक चारला एक पुरवणी. सापडलेली सगळ्यात जुनी तारीख ही फोटो काढल्याची तारीख नव्हे, शोधयंत्राला दिसलेली जुनी तारीख. त्यातून एवढंच सिद्ध होतं की फोटो त्या दिवसाच्या आधीचा आहे. 'आजचा' म्हणून आलेला फोटो २०१९ च्या पानावर सापडला तर दावा खोटा. पण काहीच सापडलं नाही म्हणून दावा खरा ठरत नाही. लोक नेमके इथे घसरतात.

शोध फसण्याची नेहमीची कारणं: फोटो आरशासारखा उलटा केलेला असतो (दुकानाच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर उलटे दिसतात का बघा, एडिटरमध्ये परत उलटा करून शोधा), फार घट्ट कापलेला असतो, किंवा स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट होऊन पार धूसर झालेला असतो. गूगलने हात टेकले तर यांडेक्स आणि बिंग वापरा. इमारती ओळखायला यांडेक्स बरं आहे.

व्हिडिओसाठी: थांबवत थांबवत चार-पाच स्क्रीनशॉट घ्या. पहिली चौकट, दृश्य बदलतं ती, आणि पाटी, खांब, पूल असं काही दिसतं ती. माणसांच्या गर्दीची चौकट निरुपयोगी, गर्दी सगळीकडे सारखीच दिसते. संगणकावर क्रोम असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफाय हे एक्स्टेन्शन मोफत मिळतं, ते व्हिडिओच्या चौकटी आपोआप सुट्या करतं.

आणि 'फोटोचा एक्झिफ डेटा बघा' हा सल्ला व्हॉट्सॅपच्या बाबतीत विसरा. फोटो म्हणून पाठवलं की कॅमेरा, वेळ, जागा ही माहिती पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तरच शिल्लक राहते. म्हणून समोरचा 'मी स्वतः काढलाय' म्हणत असेल तर त्याच्याकडून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागा.

अश्विनी_घोडबंदर

व्हॉट्सॅपवर तो दुहेरी बाण येतो, त्याला काही अर्थ आहे का? आमच्या ग्रुपात काहीजणांना वाटतं तो आला म्हणजे 'पडताळलेलं'.

गिरगावकर_७

उलट! दुहेरी बाण म्हणजे मेसेज मूळ माणसापासून किमान पाच वेळा पुढे ढकलत ढकलत तुमच्यापर्यंत आलाय, म्हणजे तुम्हाला पाठवणाऱ्यालाही मूळ माणूस माहीत नाही. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो.

पण बाण नसेल तर निर्धास्त होऊ नका. मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा व्हिडिओ उतरवून नव्याने चढवला की खूण जाते. 'माझ्या मावसभावाच्या ऑफिसातून कळलंय' असं वर जोडून पाठवणारे नेमकं हेच करतात.

लाल_डबा

तारीख काढायला मुंबईसारखं शहर नाही, कारण इथे रस्त्यावरच्या वस्तू सतत बदलतात आणि बदलाच्या तारखा नोंदलेल्या आहेत. व्हिडिओ समोर आला की माणसांकडे बघायचं सोडा, वाहनांकडे बघा.

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी: ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. ताडदेवला शेवटची नोंदली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये आणि टॅक्सीचं आयुष्य २० वर्षं धरलेलं. व्हिडिओत पद्मिनी पाण्यातून चालली असेल तर तो यंदाचा नाही. (काळा-पिवळा रंग अजून आहे, मॉडेल बघा.)

उघड्या खिडक्यांची जुनी डबलडेकर: सप्टेंबर २०२३ च्या मध्यावर प्रवासी सेवेतून बाद. आता ज्या डबलडेकर दिसतात त्या विजेवरच्या, वातानुकूलित, काचा बंद.

मेट्रो: पश्चिम द्रुतगती महामार्गावर मेट्रो ७ आणि लिंक रोडवर २अ, दोन्हींचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ ला आणि पुढचा जानेवारी २०२३ ला सुरू झाला. या रस्त्यांवर डोक्यावरून प्रवाशांची मेट्रो धावताना दिसली की त्याआधीची तारीख बाद.

लोकल: वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं जुलै २०१८ मध्ये. त्या पुलावरची चेंगराचेंगरी २९ सप्टेंबर २०१७ ची, तेव्हा पाटीवर प्रभादेवी असूच शकत नाही. गर्दीच्या कुठल्याही व्हिडिओला ती दुर्घटना चिकटवतात म्हणून हे लक्षात ठेवा.

जागा ओळखायला नंबरप्लेट. ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ वाशी. एखादी गाडी कुठलीही असू शकते, पण दहापैकी आठ गाड्या एमएच नसतील तर दृश्य मुंबईचं नाही. इलेक्ट्रिक गाडीची हिरवी पाटी दिसली तर २०१८ च्या आधीचं नाही.

आणि माझी आवडती खूण: रिक्षा. वांद्रे आणि सायनच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. 'हिंदमाता', 'गांधी मार्केट', 'दादर टीटी' म्हणून आलेल्या व्हिडिओत रिक्षा तरंगत असतील तर ते दादर-माटुंगा नाही. मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे असू शकतं, दुसरं शहरही असू शकतं. रिक्षाचा रंग बघा.

चक्रमादित्य

रिक्षाचा मुद्दा एक नंबर 😀 पण लाल_डबा, या सगळ्या खुणा 'त्याआधीचं' किंवा 'त्यानंतरचं' एवढंच सांगतात. २०२४ चा व्हिडिओ २०२५ चा म्हणून आला तर?

लाल_डबा

बरोबर, तिथे या खुणा थांबतात. मग पाटी-खांबावरून नेमकी जागा काढायची आणि गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये तिथे उभं राहायचं. संगणकावर वेगवेगळ्या वर्षांची दृश्यं बघता येतात. रस्त्याचं काँक्रीट कधी झालं, होर्डिंग कधी आलं, बाजूचं बांधकाम किती मजले वर गेलं होतं, यावरून वर्ष सापडतं. चालू इमारतीचे मजले हे फार प्रामाणिक घड्याळ आहे. सावल्यांवरून वेळही काढतात, पण पावसात सावली कुठून आणणार.

अश्विनी_घोडबंदर

शाळेच्या सुट्टीचं पत्रक येतं, शिक्का-सही सगळं असतं. ते कसं ओळखायचं? सकाळी सहाला डबा भरायचा की नाही एवढाच प्रश्न असतो.

टिपणी_व_मसुदा

सहाच्या डब्यासाठी तीनच गोष्टी बघा.

पहिली, वार. जुन्या पत्रकातली तारीख खोडून नवी घातली तरी वार बदलायचा राहतो. कॅलेंडरशी ताडा. साल धूसर असेल तर ते मुद्दाम धूसर केलंय असंच धरा.

दुसरी, हद्द. बृहन्मुंबईची सुट्टी महापालिका जाहीर करते. ठाणे, पालघर, रायगडचे आदेश त्या त्या जिल्हाधिकाऱ्यांचे, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली या महापालिका वेगळ्या. पालघरचं खरं पत्रक मुंबईच्या ग्रुपात आलं की मुंबईकर मुलं घरी बसतात. पहिल्या परिच्छेदात जिल्ह्याचं नाव असतंच, ते वाचा. घोडबंदर म्हणजे तुमच्यासाठी ठाणे, मुंबईचा आदेश तुम्हाला लागू नाही.

तिसरी, तेच महापालिकेच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत खात्यावर आहे का, आणि किती वाजता टाकलंय. खात्याच्या नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर बघा. निळी खूण आता पैसे भरून मिळते, ती पुरावा नाही. एक्सवर सरकारी खात्यांना करडी खूण असते.

'शासन निर्णय' म्हणून काही आलं तर शेवटचं पान मागा. जीआरच्या शेवटी ठरावीक वाक्य असतं की हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या लांबलचक आकड्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. जीआरवरची तारीख २०२५ ची आणि संकेतांक २०२१ ने सुरू, असं दिसलं की बाकी वाचायची गरज नाही. तारखा जुळल्या तरी संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर तो संकेतांक टाकून मूळ पीडीएफ काढा. तिथे नसेल तर पुढे पाठवू नका. मात्र साधी परिपत्रकं आणि आतली पत्रं सगळीच तिथे चढत नाहीत, त्यामुळे ही चाचणी जीआरपुरती.

केंद्राच्या योजनांसाठी पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक आहे. ते केंद्र सरकारशी संबंधित बाबीच बघतात, महापालिकेच्या सुट्टीसाठी त्यांना विचारून उपयोग नाही.

चक्रमादित्य

म्हणजे सरकारबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारच ठरवणार? वा.

परिशिष्ट_अ

हा प्रश्न आपल्याच हायकोर्टात लढवला गेलाय. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्राच्या कामकाजाबद्दलचा मजकूर 'खोटा, बनावट, दिशाभूल करणारा' ठरवायचा अधिकार सरकारी फॅक्ट चेक युनिटला दिला होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये मत दिलं आणि ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. पीआयबीचं तपासणीचं पान चालू आहे, ते एक स्रोत म्हणून वाचा, निवाडा म्हणून नको. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज मराठीतही तपासण्या छापतात, बूम तर मुंबईचंच आहे. त्यांच्याही लेखात निष्कर्षाआधी पुरावा वाचा: मूळ व्हिडिओचा दुवा दिलाय का, कोणाला फोन केला ते लिहिलंय का.

मिलिमीटर

पावसाच्या बातम्यांवर लिहितो. इथे बनावट मजकुरापेक्षा अर्धवट वाचलेला खरा मजकूर जास्त नडतो, आणि त्यात मोठी वर्तमानपत्रं आणि वाहिन्याही आल्या.

'आज ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.' दरवर्षीचा मथळा, दरवर्षी चुकीचा. ४.८ मीटर ही भरतीची पातळी आहे, लाटेची उंची नाही. नकाशासाठी ठरवलेल्या एका आधाररेषेपासून समुद्राचं पाणी किती वर येईल ते हा आकडा सांगतो. लाटांची उंची वेगळी आणि तिचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था देते. भरतीचं वेळापत्रक खगोलशास्त्रावर चालतं, कित्येक महिने आधी छापलेलं असतं. म्हणून 'हवामान खात्याने आत्ताच इशारा दिला' अशा सुरात भरतीचा आकडा आला की समजा, कोणीतरी तक्ता उघडून बसलंय.

मग साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची काळजी का करायची? कारण पर्जन्यजलवाहिन्यांची समुद्राकडची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात. समुद्र आत येऊ नये म्हणून दारं बंद करावी लागतात आणि शहरातलं पाणी बाहेर पडत नाही. ते उपसायला हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला आणि गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं आहेत. म्हणजे नुसत्या भरतीने शहर बुडत नाही. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पंचाईत. बातमीत दोन वेळा शोधा: भरतीची वेळ आणि जोरदार पावसाच्या अंदाजाची वेळ. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. दुपारी एकची भरती आणि संध्याकाळी सातचा पाऊस असेल तर मथळ्याला घाबरू नका.

आता मिलिमीटर. 'मुंबईत ३०० मिमी' म्हणजे कुठे आणि कोणत्या चोवीस तासांत? हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. केंद्रं दोन, कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. केंद्राचं नाव नसलेला आकडा वाचू नका. ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. 'ढगफुटी' हा शब्द कोणीही वापरतं, पण त्याचा निकष लहानशा भागात तासाभरात १०० मिमी असा आहे. दिवसभर रिपरिप पडून २०० झाला तर ती ढगफुटी नव्हे.

रंगांचं: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग जिल्ह्याला आणि दिवसाला असतो. बातमीत मुंबई आणि रायगड एका वाक्यात आले की रायगडचा लाल मुंबईला चिकटतो. दर तीन तासांचा तातडीचा इशारा वेगळा, तो संपून गेल्यावर रात्रभर फिरतो. त्यावर वेळ छापलेली असते. काही रडारचित्रांवर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवा. नाहीतर सकाळचं चित्र 'आत्ताचं' म्हणून फिरतं.

त्या रंगीबेरंगी, जांभळ्या नकाशांचे स्क्रीनशॉट तर बघूच नका. कोणत्या मॉडेलचा, किती तासांची बेरीज, हे कापलेलं असतं. दहा दिवसांच्या बेरजेचा नकाशा उद्याचा म्हणून दाखवला की सगळं कोकण जांभळं.

अश्विनी_घोडबंदर

हा प्रतिसाद वाचनखुणेत. लाटांचं तर मी आजवर खरंच समजत होते. लोकलचं काय? 'लोकल बंद' हा मेसेज तर रोजचाच.

लाल_डबा

'लोकल बंद' हे वाक्यच अपुरं आहे. कामाच्या मेसेजमध्ये चार गोष्टी असतात: मार्ग (पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्सहार्बर), जलद की धीमा, अप की डाऊन, आणि कोणत्या दोन स्थानकांदरम्यान. यातलं काहीच नसेल तर तो मेसेज नाही, हाकाटी आहे. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे दोन वेगळी खाती, हार्बर मध्यच्या पोटात. आणि वेळ बघा: मुंबईत तासाभरापूर्वीचा खरा मेसेजही आता खोटा असतो.

उपसंपादक_रात्रपाळी

वर्तमानपत्राच्या कात्रणांबद्दल. बनावट कात्रण करायला आता ऑनलाइन साचे मिळतात. नाव, तारीख, मथळा टाका की कात्रण तयार. म्हणून नुसत्या कात्रणावर विश्वास नको, पूर्ण पान मागा. ई-पेपरवर तारीख आणि आवृत्ती (मुंबई, ठाणे, पुणे वेगळ्या) निवडून पान काढता येतं. तेवढी सवड नसेल तर कात्रणात बघा: बातमीला डेटलाइन (सुरुवातीला गावाचं नाव, तारीख) आहे का, शेजारच्या बातमीचा तुकडा दिसतो का, स्तंभाची रुंदी सरळ आहे का. मराठीत सगळ्यात आधी जोडाक्षरं आणि रफार बोंबलतात, कारण साच्यात त्या पेपरचा फाँट नसतो.

वाहिन्यांची कार्डं त्याहून सोपी. बोधचिन्ह, नेत्याचा फोटो, अवतरणात एक भडक वाक्य. त्या वाहिनीच्या खात्यावर त्या दिवसाच्या त्या वेळेपर्यंत मागे जाऊन बघा. कार्ड तिथे नसेल तर बहुधा बनावट. वाहिनी चुकलेलं कार्ड गुपचूप काढून टाकते हेही होतं, म्हणून नेत्याचं मूळ भाषण शोधा. अवतरणातलं वाक्य भाषणाच्या मधूनच उचललेलं असेल तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं अर्धं मिनिट ऐका.

खऱ्या वर्तमानपत्रातही काय वाचतोय हे कळलं पाहिजे. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात', 'प्रायोजित', 'मीडिया इनिशिएटिव्ह' असं काही असेल तर ते पैसे घेऊन छापलंय. बांधकाम प्रकल्प, क्लासेस, रुग्णालयं यांच्या पुरवण्या याच जातीच्या. लेखात एकही अडचण नसेल आणि शेवटी फोन नंबर असेल तर खूण नसली तरी ओळखा. इन्स्टावरच्या मंडळींनाही पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे मुंबईच्याच आस्कीची, ती नियमावली २०२१ ची. 'पार्टनरशिप' शब्द हॅशटॅगांच्या ढिगात शेवटी दडवतात, तिथपर्यंत वाचा.

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर बातमीकडे उत्तर नाही असं समजून वाचा. 'सूत्रांच्या माहितीनुसार' चालतं, पण सूत्र कोणत्या खात्याचं हेही नसेल तर दुसऱ्या पेपरात येईपर्यंत थांबा. आणि दोन पेपरांत शब्दन् शब्द सारखी बातमी असेल तर ते दोन पुरावे नव्हेत, एकाच प्रसिद्धीपत्रकाच्या दोन प्रती आहेत.

टक्के दिसले की मूळ आकडा मागा. प्रभागात डेंग्यूचे दोनाचे चार रुग्ण झाले की 'शंभर टक्के वाढ'.

चक्रमादित्य

सगळं पटतंय, पण एवढं रोज करणार कोण? माणूस विरार लोकलमध्ये एका पायावर उभा आहे.

उपसंपादक_रात्रपाळी

रोज करायचंच नाही. वाचायला काही तपासणी लागत नाही, पुढे पाठवायला लागते. विरार लोकलमध्ये एका पायावर उभं असताना पुढे पाठवलं नाही तर कोणाचंच काही अडत नाही. ज्याने पैसे जातील, औषध बदलेल, प्रवास रद्द होईल किंवा कोणावर हात उगारला जाईल, तेवढंच तपासा. बाकी हसून सोडून द्या.

दलाल_स्ट्रीट_खालची_बाजू

पैशांवरून आठवलं. एप्रिल २०२४ मध्ये एनएसई आणि बीएसई, दोन्ही शेअर बाजारांना जाहीर सूचना काढावी लागली, कारण त्यांच्या प्रमुखांचे शेअर सुचवणारे डीपफेक (एआयने चेहरा-आवाज बनवलेले) व्हिडिओ फिरत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने गव्हर्नरांच्या बनावट व्हिडिओंबद्दल सावध केलं. साधा नियम: बाजार चालवणारे आणि नियामक कधीही अमुक शेअर घ्या असं सांगत नाहीत. चेहरा खरा की खोटा हे बघायची गरजच नाही.

सल्ला देणाऱ्याचा सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच ने. मग तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. त्याने पाठवलेलं प्रमाणपत्र बघू नका, दुसऱ्याचा क्रमांक छापून पाठवतात. नाव, पत्ता, फोन जुळला पाहिजे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पोलीस ठाण्याला जायची वाट बघू नका. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा असते.

अश्विनी_घोडबंदर

एआयने केलेलं ओळखायला अ‍ॅप असतात ना?

फोटोडेस्क

असतात, पण व्हॉट्सॅपवरून पिळून आलेल्या फाईलवर ती कशीही उत्तरं देतात. खऱ्या फोटोला 'एआय ८० टक्के' आणि बनावटाला 'खरा'. सहा बोटं मोजायचे दिवसही गेले. गूगलच्या साधनांनी केलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची अदृश्य खूण असते आणि जेमिनी अ‍ॅपमध्ये चित्र टाकून ती आहे का विचारता येतं. सापडली तर ठीक, नाही सापडली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या साधनात ती खूण असेलच असं नाही.

डीपफेकवर जुनीच युक्ती चालते. बहुतेकांत खऱ्या मुलाखतीचं चित्र घेऊन आवाज आणि ओठ बदललेले असतात. चौकट काढा, लेन्समध्ये टाका, तोच कोट, तीच खुर्ची, तीच पार्श्वभूमी असलेली मूळ मुलाखत सापडते. मग दोन्ही शेजारी लावा. नुसत्या आवाजाच्या क्लिपला ही सोय नाही. तिथे ती कोणी, कुठे, कोणाशी बोलताना रेकॉर्ड केली याचं उत्तर नसेल तर ती बाजूला ठेवायची. ओळखीच्या माणसाच्या आवाजात पैसे मागितले तर फोन ठेवून आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर उलट फोन करा.

गिरगावकर_७

परिशिष्ट_अ, 'अ‍ॅडमिनला तुरुंग' आणि 'तीन टिका आल्या म्हणजे सरकारने वाचलं' यावर लिहा ना. दर दंगलीत हे येतं.

परिशिष्ट_अ

तीन टिका ही निव्वळ थाप, व्हॉट्सॅपमध्ये तिसरी टिक नाहीच. अ‍ॅडमिनबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला पाहिजे. पाठवणारा मात्र सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली लोकांत घबराट किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या विधानाला आणि अफवेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपत्तीच्या काळात खोटी धोक्याची सूचना पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५४ वेगळं, एक वर्षापर्यंत. 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्हड' लिहिल्याने संरक्षण मिळतं असं कुठेही नाही.

छापील पेपरविरुद्ध तक्रार करायची तर आधी संपादकाला लेखी, मग प्रेस कौन्सिल. ऑनलाइन बातमी संस्थेने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार आवश्यक आहे, १५ दिवसांत उत्तर अपेक्षित. ज्या पोर्टलवर असं पानच नाही, मालक-संपादक कोण ते कळत नाही, त्याची बातमी काय लायकीची ते तिथेच कळतं.

जोशीवाडी_बी_विंग

सोसायटीच्या ग्रुपात ज्येष्ठ मंडळींना सांगायचं कसं, यावर कोणी लिहिलं नाही. 'काका, हे खोटं आहे' लिहिलं की पुढचे आठ दिवस लिफ्टमध्ये अबोला.

उपसंपादक_रात्रपाळी

ग्रुपात सर्वांसमोर माणसाला खोडायचं नाही, मजकुरालाच पुरवणी द्यायची. खरी गोष्ट आधी, चूक नंतर आणि थोडक्यात. असं: 'आज मुंबईतल्या शाळा सुरू आहेत. हे पत्रक पालघर जिल्ह्याचं, मागच्या जुलैचं आहे. काका, चांगलं झालं टाकलंत, इतर ग्रुपांतही फिरतंय.' मूळ खोटं चित्र उत्तरात परत चिकटवू नका. चिकटवायलाच लागलं तर त्यावर आरपार लाल फुली मारा, नाहीतर तेच पुढे जाईल. अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण पुसण्याआधी खरं काय ते लिहा. नुसता पुसला तर 'दाबून टाकलं' अशी नवी अफवा सुरू होते.

अबोला टाळायचा असेल तर काकांना वैयक्तिक मेसेज आधी करा आणि दुरुस्ती त्यांनाच ग्रुपात टाकू द्या.

जोशीवाडी_बी_विंग

हे जमण्यासारखं आहे. मिलिमीटर, तुमचं भरतीचं तेवढं चार ओळींत द्याल का? नोटीस बोर्डावर लावतो, ए-४ वर मोठ्या अक्षरात.

मिलिमीटर

घ्या:

भरतीचा आकडा म्हणजे लाटांची उंची नव्हे.
साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी असेल तरच सखल भागात जास्त पाणी.
पावसाचा आकडा वाचताना कुलाबा की सांताक्रूझ ते बघा.
पाणी तुंबलं, झाड पडलं: महापालिका १९१६.

खाली जूनची भरतीची वेळ हाताने लिहायला जागा सोडा. तक्ता दर महिन्याला बदलायचा, नाहीतर जुलैत जूनचा कागद लटकत राहील.